माहेरचं सरकारी कार्ड

मी लग्न होऊन उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि पाचव्या महिन्यात उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता लातूर जिल्ह्याची झाले. आमचं औसा गाव जागच्या जागी, किल्ला जागच्या जागी, आमची चूलही जागच्या जागी. जिल्हा तेवढा बदलला. माझे यजमान तेव्हा तहसीलमध्ये कारकून होते. नवे शिक्के येईपर्यंत ते कागदावरचं 'उस्मानाबाद' खोडून वर 'लातूर' लिहीत होते आणि संध्याकाळी घरी येऊन मनगट दाबत बसत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना म्हणाल्या, "खोडून खोडून जिल्हा होतो व्हय रं? आधी पाऊस पाड म्हणावं तुज्या जिल्ह्याला."

मी नांदेडची. गोदावरीचं पाणी पिऊन वाढलेली, त्यामुळे औशात हंड्यांच्या रांगेत उभं राहताना आपल्यावर फार मोठा अन्याय चाललाय असं मला वाटायचं. त्यात मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली. आम्हाला ग्रीस शिकवणारे सर स्वतः कधी सोलापूरच्या पलीकडे गेले नव्हते, पण अथेन्सच्या गल्ल्या असे सांगायचे की वाटावं, सकाळीच तिथून भाजी घेऊन आलेत. मी वहीत त्या मूर्तींची चित्रं काढायची. चुण्यांचं वस्त्र, मानेवर बांधलेला अंबाडा, सरळ नाक. एक दिवस आपण ते देऊळ, ते संग्रहालय डोळ्यांनी बघणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मग माझं लग्न ठरलं आणि मी औशाला आले.

आत्याबाईंच्या देव्हाऱ्यात महादेवाची पिंड होती, खंडोबाचा टाक होता, आणि कडेला एक वीतभर मातीची बाई होती. तिला नाव नव्हतं. घरातले सगळे तिला 'बाई'च म्हणायचे. शेंदूर, हळद आणि तेल यांचे इतके थर तिच्यावर बसले होते की ती बाई आहे हे सांगितल्यावरच कळायचं.

बाईची गोष्ट आत्याबाई कुणालाही, न विचारता सांगायच्या. बहात्तरच्या दुष्काळात सासरी खायला उरलं नाही, तेव्हा त्या माहेरी भावाकडे राहिल्या. माहेर तेरच्या जवळ, नदीकाठचं खेडं. दोघं बहीणभाऊ तलावाच्या कामावर जायचे. भाऊ खोदायचा, त्या पाटी वाहायच्या. एक दिवस भावाच्या कुदळीखाली ही निघाली. मुकादम म्हणाला, खेळणं हाय, फेका. आत्याबाईंनी ती पदरात लपवली. "त्या दिशी मला भूकच लागली न्हाई बघ," असं त्या सांगायच्या आणि इथे थांबायच्या. पुढचं त्या सांगत नसत, ते मला यजमानांकडून कळलं. त्याच साली भाऊ बिऱ्हाड घेऊन पुण्याकडे कामाला गेला आणि तिकडेच वारला. मागे घर राहिलं नाही, माणूस राहिलं नाही. पंचमीला लेकीला न्यायला माहेरचं कुणीतरी येतं, त्याला आमच्याकडे मूळ म्हणतात. आत्याबाईंना दहा वर्षांत मूळ आलेलं नव्हतं. गल्लीतल्या बायका पंचमीच्या आधी पिशव्या भरायला लागल्या की आत्याबाईंना नेमकी शेतातली कामं आठवायची.

दर शुक्रवारी त्या बाईला शिकेकाईच्या कोमट पाण्याने न्हाऊ घालायच्या, पंचाने खसाखसा पुसायच्या, वर पुन्हा शेंदूर-तेल लावायच्या आणि म्हणायच्या, "माहेरचं आता येवढंच."

एका शुक्रवारी त्यांना ताप आला आणि ते काम माझ्याकडे आलं. मी नांदेडची, पाणी वापरायला मिळालं की माझा हात सुटायचा. मी बाईला तांब्यावर तांब्या ओतून धुतली. शेंदराचा एक पोपडा मागून सुटला आणि मानेवर अंबाडा निघाला. मी थबकले. नखाने कडेचं तेल खरवडलं तर दोन्ही बाजूंनी उभी बारीक शिवण. खालून बघितलं तर आतून पोकळ. पुढचा भाग एका साच्यातला, मागचा दुसऱ्या साच्यातला, आणि दोन्ही जोडलेले. सरांनी हे शिकवलं होतं. तेर म्हणजे जुनी मोठी बाजारपेठ, तिथलं कापड गाड्यांवरून भडोचच्या बंदरात जायचं, एका ग्रीक खलाशाने त्या गावाचं नाव लिहून ठेवलंय, आणि असल्या दोन साच्यांची रीत त्या दर्यापारच्या लोकांबरोबर आली, असं त्यांनी सांगितलं होतं. ज्या ग्रीसला मी जाणार होते ते आमच्या न्हाणीत, पितळी ताटात उभं होतं!

आता खरं सांगते. माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट इतिहास ही नव्हती. मला माझा फोटो दिसला, वर्तमानपत्रात, खाली 'नव्या जिल्ह्यातील सुशिक्षित सुनेचा शोध'. त्याच दुपारी मी तेरच्या वस्तुसंग्रहालयाला पत्र लिहिलं. आमच्या घरी अशी अशी प्राचीन वस्तू असून तिच्यावर ग्रीक वळणाचा प्रभाव दिसतो. सहीखाली 'बी.ए. (इतिहास)' लिहून त्याला दोन रेघा मारल्या. आत्याबाई आत तापाने कण्हत होत्या, त्यांना मी काढा दिला आणि पत्र पेटीत टाकून आले.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पत्त्यातलं 'जि. उस्मानाबाद' खोडून कुणीतरी 'लातूर' केलं होतं. आत एकच ओळ कामाची होती. सदर वस्तू सोबत घेऊन समक्ष यावे.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. वस्तू सोबत नेली तर ती परत येईल का, हे पत्रात लिहिलं नव्हतं. पण फोटो डोळ्यांपुढून हलेना. मी आत्याबाईंना जाऊन सांगितलं, "तेरला आपल्या बाईची बहीण आहे म्हणे. काचेच्या घरात असते. दोघींची भेट घालून आणू या का?"

आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता पकडली गेले. पण त्यांचे डोळे भरले होते. "तेरला? माज्या माहेरच्या वाटंवर?" त्या म्हणाल्या. "आगं, पंचमी चार दिसांवर आली. लेक पंचमीला बहिणीला भेटती, चांगलंच हाय की!" आणि त्या तडक पुरण घालायला उठल्या. इतकी सोपी फसवणूक मी आयुष्यात केली नव्हती.

बाईला न्हाऊ घालून, खणात गुंडाळून पितळी डब्यात ठेवलं. दुसऱ्या डब्यात पुरण भरून उकडलेले पंचमीचे दिंड, पिशवीत लाह्या, नारळ, तांदूळ. औशाहून लातूर आणि लातूरहून मुरूड-ढोकी करत तेर, असा एसटीचा प्रवास. गाडीत माणसावर माणूस. आत्याबाईंनी डबा खिडकीपाशी सीटवर ठेवला आणि स्वतः उभ्या राहिल्या. कंडक्टर म्हणाला, "आज्जे, डबा मांडीवर घे आन बस की."

"तू तुजं तिकीट फाड," आत्याबाई म्हणाल्या. "ती माहेरी निगालीय. तिला बघू दे जरा."

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं; पावसाने ओढ दिलेली, ज्वारीचे कोंब मान टाकून पडलेले, नदीत नुसता गोटा. तरी आत्याबाई डब्याकडे वाकून तिला एकेक दाखवत होत्या. हा तलाव, इथे तू निघालीस. ते चिंचेचं झाड, तिथे भाऊ भाकर खायचा. मला पहिल्यांदा आपण काय करून बसलोय याची जरा जरा लाज वाटायला लागली.

वस्तुसंग्रहालयाच्या दारात आत्याबाईंनी चपला काढल्या. आतून व्यवस्थापक आले. पन्नाशीचे, दोरीने बांधलेला चष्मा, खिशाला जांभळ्या शाईचं पेन. ते म्हणाले, "मावशी, चपला असू द्या. हे देऊळ नाही."

"तुमाला काय ठावं?" आत्याबाई म्हणाल्या आणि दारावरची घंटा शोधायला लागल्या.

आत सगळीकडे काचेच्या पेट्या. मण्यांच्या माळा, शिशाची नाणी, शंखाच्या बांगड्या, दिवे, कुंड्या. ज्या ग्रीसची मी वहीत चित्रं काढली त्याचे तुकडे माझ्यापुढे मांडलेले होते आणि माझं लक्ष त्यांत लागत नव्हतं. आत्याबाई मात्र एकेका पेटीपुढे थांबून मनापासून बघत होत्या. मण्यांपुढे त्या म्हणाल्या, "ह्या बायकांस्नी हौस लई होती." दिव्यांपुढे म्हणाल्या, "तेल कुटनं आनत असतील दुष्काळात?" व्यवस्थापक उत्तर द्यायला तोंड उघडायचे तोवर त्या पुढच्या पेटीपाशी.

आणि मग ती दिसली. कोपऱ्यातल्या पेटीत, वीतभर उंचीची, तोच अंबाडा, तीच ठेवण. पण हिला नाक होतं, ओठ होते. कानात फुलं होती, गळ्यात तीन पदरांची माळ, अंगावरच्या वस्त्राला चुण्या. पांढऱ्या मऊ मातीत कुणीतरी सुईने केल्यासारखं काम.

आत्याबाईंनी डबा खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि हात पुढे केला. "किल्ली द्या सायेब. वटी भरायची हाय."

"पेटी उघडता येत नाही, मावशी."

"मंग काचंवर भरते." आणि त्यांनी खरंच काचेवर तांदूळ ठेवले, हळदीकुंकवाची बोटं ओढली, खण ठेवला आणि नारळ काढून आजूबाजूला दगड बघायला लागल्या. व्यवस्थापकांचा धीर तिथे सुटला. "आत नारळ न्हाई फोडायचा!" ते ओरडले. इतका वेळ सांभाळलेली पुस्तकी भाषा एका नारळाने उतरवली. मला हसू आवरेना. मी तोंडाला पदर लावून शिशाच्या नाण्यांकडे वळले.

माझं हसू फार टिकलं नाही. व्यवस्थापक कपाळ पुसत माझ्याकडे वळून म्हणाले, "औशाहून पत्र लिहिलेल्या बी.ए. तुम्हीच ना? वस्तू जमा करायला आणलीय?"

आत्याबाईंचा हात काचेवरच राहिला. "कसलं पत्र?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, फोटोसकट. दुसरं काही सुचलंच नाही. त्यांनी शिवी दिली असती, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी डबा उचलला, बाहेर ओसरीवर जाऊन बसल्या आणि डबा पोटाशी धरला. माहेरचं एवढंच उरलेलं माणूस मी सरकारजमा करायला आणलं होतं, आणि वर त्यांच्याकडून पुरण घालून घेतलं होतं. मला तिथल्या तिथे रडू आलं.

व्यवस्थापक माणूस कडक होते, पण वाईट नव्हते. ते आत्याबाईंच्या शेजारी खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मावशी, नुसती बघू द्या. हात लावत न्हाई."

शेवटी आत्याबाईंनी डबा उघडला. व्यवस्थापकांनी ओल्या कापसाने बाईच्या तोंडावरचा शेंदूर टिपला. खाली गुळगुळीत माती निघाली. नाक नाही, ओठ नाहीत, कान म्हणजे नुसते उंचवटे. मानेवरचा अंबाडा तेवढा वाचला होता, कारण पुसताना पंचा तिथपर्यंत नीट पोहोचायचा नाही.

"माती मऊ असते ही," ते हळू आवाजात म्हणाले. "पाण्यानं, चोळण्यानं झिजते. दोन हजार वर्षं जमिनीत टिकली..." आणि पुढचं त्यांनी गिळलं.

आत्याबाई बाईकडे बघत राहिल्या. "हिच्या कानात फुलं होती," त्या म्हणाल्या. "भावानं पुसून दावलं तवा होती. आन नाक तर असं होतं की भाऊ म्हनला, तुज्यावानी हाय." त्यांनी स्वतःच्या नाकाला हात लावला. "म्याच धुऊन काढली व्हय तिला?"

व्यवस्थापकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी तर बोलायच्या लायकीचीच नव्हते.

आत्याबाईंनी डोळे पुसले आणि मांडी बदलली. बाजारात भाव करताना त्या अशीच मांडी बदलायच्या. "सायेब, तुमचा जिल्हा कंचा?"

"उस्मानाबाद."

"आमचा लातूर. माज्या लेकानं वरीसभर खोडून खोडून केलाय. दुसऱ्या जिल्ह्यातली लेक तुमी कंच्या कायद्यानं घेता?"

व्यवस्थापक गडबडले. "मावशी, निघाली तेव्हा एकच जिल्हा होता. आणि निघाली ते गाव अजून उस्मानाबादेतच आहे."

"म्हंजी हे तिचं माहेर."

"तसं म्हणा."

"मंग असं," आत्याबाई म्हणाल्या. "मी तिला हितं ठिवते. हितं कुणी धुनार न्हाई तिला. पण आता माजंबी माहेर हेच झालं न्हवं? तर दर पंचमीला मला बोलावणं आलं पायजे. आपून होऊन याची न्हाई मी. मूळ धाडायचं."

"मावशी, कार्यालयाच्या नियमात तसं..."

आत्याबाईंनी डब्याला झाकण लावलं.

व्यवस्थापक आत गेले, कागद घेऊन आले आणि जांभळ्या शाईने पावती लिहायला बसले. मी ती पावती पुढे कितीदा वाचली असेल. 'मातीची स्त्रीमूर्ती, नग एक, चेहरा झिजलेला. वरिष्ठांच्या मान्यतेच्या अधीन राहून स्वीकारली. अट: देणाऱ्या भगिनीस दरवर्षी नागपंचमीपूर्वी कार्यालयातर्फे बोलावणे पाठविण्यात यावे.' आत्याबाईंनी अंगठा उठवला आणि पहिल्यांदा त्यांना 'सायेब' न म्हणता म्हणाल्या, "भाऊ, दिंड खावून घ्या. गार व्हायलेत."

परतीच्या गाडीत रिकामा डबा त्यांच्या मांडीवर होता. औशात उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्यांदा पत्र लिव्हायचं झालं तर मला वाचून दावायचं." आणि तिसऱ्या दिवशी मला घेऊन जायला नांदेडहून भाऊ आला, तेव्हा त्यांनी स्वतः माझी पिशवी भरली. माझा फोटो कुठल्याही वर्तमानपत्रात आला नाही. मी पुन्हा कुणाला तसं काही लिहायच्या फंदात पडले नाही.

पुढच्या वर्षी पंचमीच्या आठ दिवस आधी पोस्टमन आला. कार्डावर वर जावक क्रमांक, खाली 'विषय: पंचमीनिमित्त बोलावणे', आणि मजकूर, 'उपरोक्त विषयी आपणास कळविण्यात येते की, आपण पंचमीस अवश्य यावे. बाई सुखरूप आहे.' मी ते आत्याबाईंना तीनदा वाचून दाखवलं. मग त्यांनी ते गल्लीतल्या सात घरी नेऊन, ज्यांना वाचता येत होतं त्यांच्याकडून वाचून घेतलं. "माजं मूळ सरकारी हाय," असं त्या सांगायच्या, आणि ज्यांना नुसता भाऊ न्यायला येतो अशा बायकांकडे जराशा दयेने बघायच्या.

सात वर्षं कार्ड आलं. सात वर्षं आम्ही दोघी दिंड घेऊन गेलो. आत्याबाई काचेपुढे बसून दोघी बहिणींना वर्षाचं सगळं सांगायच्या, मी तोवर ग्रीसच्या दिव्यांपुढे उभी राहायची, आणि व्यवस्थापक ओसरीत दिंड खायचे.

आठव्या वर्षी कार्ड आलं नाही. व्यवस्थापक निवृत्त झाले होते, हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की सायकलची घंटा वाजली की आत्याबाई हातातलं टाकून दारात जातात आणि काही नसल्यासारखं करून परत येतात. पंचमी पाच दिवसांवर आली तेव्हा त्या म्हणाल्या, "औंदा शेतात कामं लई हायत." ती कामं मला ओळखीची होती.

मी पोस्टातून कोरं कार्ड आणलं. जावक क्रमांक मनाने घातला, विषय लिहिला, उपरोक्त विषयी लिहिलं, बाई सुखरूप आहे असं लिहिलं आणि यजमानांकडून लातुरात पेटीत टाकायला लावलं. दोन दिवसांनी ते आमच्याच दारी आलं. मी आवाज चढवून वाचून दाखवलं.

आत्याबाईंनी कार्ड हातात घेतलं. देव्हाऱ्यामागून दोऱ्याने बांधलेली सात कार्डं काढली आणि त्यांच्या शेजारी ते ठेवलं. त्यांना एक अक्षर येत नव्हतं. पण त्या बराच वेळ बघत होत्या.

"भाऊ जांभळ्या शाईनं लिव्हतो," त्या म्हणाल्या. "ही निळी हाय. आपल्या घरातल्या दौतीतली."

मी मान खाली घातली. तेरनंतर दुसऱ्यांदा.

"पत्र लिव्हायची खोड जुनीच तुजी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझं कार्ड सगळ्यांत वर ठेवलं, आठही कार्डांना दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि गठ्ठा देव्हाऱ्यामागे ठेवून दिला. "अशी हुबी का राहिलीस? बोलावणं आलंय न्हवं? डाळ भिजू घाल. दिंड करायचे हायत."